ढील ही तरतूद असते

लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या महामार्गावर चाकूर हे तालुक्याचे गाव आहे. बाहेरच्या माणसाला ते माजी केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील चाकूरकर यांच्या नावामुळे किंवा सीमा सुरक्षा दलाच्या प्रशिक्षण केंद्रामुळे ठाऊक असते. बाजारपेठेत गादीवर बसणाऱ्यांना मात्र ते सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचे गाव वाटते. नळेगाव, चापोली, जानवळ, वडवळ नागनाथ या गावांतून शेतकरी येथे खरेदीला येतो आणि येथील व्यापारी त्याच गावांत वसुलीला, मालाचा नमुना पाहायला, लग्नकार्याला आणि सुतकालाही जातो. हे सारे जाणे-येणे बहुतांशी मोटारसायकलीवर होते. सकाळी दुकानाचे शटर वर गेले की पायरीशी उभी राहणारी ती गाडी म्हणजे व्यापाऱ्याचा न बोलणारा मुनीमच होय. ती वेळेवर पोहोचली तर वसुली होते आणि वाटेत थांबली तर दिवस वाया जातो.

हिशेबाच्या वहीत या गाडीवर दरवर्षी ठराविक टक्क्यांनी घसारा लावला जातो. सनदी लेखापाल तो आकडा लिहितो आणि विषय संपतो. गाडीचा खरा घसारा मात्र वर्षअखेरीची वाट पाहत नाही. तो रोज, प्रत्येक किलोमीटरला, इंजिन आणि मागचे चाक यांना जोडणाऱ्या चेनमध्ये होत असतो. पेट्रोल संपले तर गाडी बंद पडते, हवा कमी झाली तर डोळ्यांना दिसते. चेन मात्र मुकाट्याने झिजते आणि ज्या दिवशी बोलते त्या दिवशी फार मोठ्याने बोलते.

या दुर्लक्षामागे थोडा इतिहासही आहे. आज साठी-सत्तरीत असलेल्या व्यापारी पिढीने आपली पहिली दुचाकी म्हणून अनेकदा बजाजची चेतक स्कूटर घेतली. १९७२ साली बाजारात आलेल्या या स्कूटरचे इंजिन मागच्या चाकालगतच बसवलेले होते आणि दातेरी चक्रांतून ते थेट चाक फिरवीत असे. तिला चेन नव्हती, त्यामुळे चेनची काळजी हा विषयच घरात आला नाही. पुढे १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि कमी पेट्रोलमध्ये अधिक अंतर कापणाऱ्या या गाड्यांनी मराठवाड्यातील बाजारपेठा व्यापल्या. त्यांना चेन होती, पण ती पत्र्याच्या बंद आवरणात होती. धूळ-चिखलापासून तिचे रक्षण व्हावे, हा त्या आवरणाचा हेतू. परिणाम असा झाला की जी दिसत नाही तिची आठवणही राहिली नाही. पाणी गाळून वापरणारे आणि धान्य निवडून मगच दळायला पाठवणारे घर उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या गाडीबाबत मात्र ‘चालते आहे ना, मग चालू द्या’ असे म्हणू लागले.

मोटारसायकलीची चेन म्हणजे शंभराच्या आसपास कड्यांची माळ. मँचेस्टर येथे कारखाना असलेल्या हान्स रेनॉल्ड या मूळ स्विस अभियंत्याने १८८० मध्ये बुश आणि रोलर असलेल्या चेनचे पेटंट घेतले. आजच्या गाडीतील चेनची रचना मुळात तीच आहे. दोन पट्ट्या, त्यांना जोडणारी पिन, पिनभोवती नळीसारखे बुश आणि त्याभोवती फिरणारा रोलर. रोलर दातेरी चकतीच्या खाचेत बसतो आणि पुढे सरकतो. लहान मोटारसायकलींत सर्रास वापरल्या जाणाऱ्या चेनमध्ये एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंतचे अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर अर्धा इंच असते.

‘चेन ताणली गेली’ असे सगळे म्हणतात. प्रत्यक्षात पोलादाच्या पट्ट्या रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. झिजते ती पिन आणि झिजते ते बुश. धूळ आत शिरते, वंगण सुकते आणि प्रत्येक सांध्यात केसाएवढी पोकळी निर्माण होते. एका सांध्यात एक दशांश मिलिमीटर झीज झाली तर ती कोणत्याही डोळ्याला दिसणार नाही. पण अशा १०० सांध्यांची बेरीज १० मिलिमीटर होते. ही सगळी वाढ चेनच्या खालच्या बाजूला जमा होते आणि १० मिलिमीटरने लांबलेली चेन त्याच्या कितीतरी पट खाली लोंबते. व्यापाऱ्याला हे गणित समजावून सांगावे लागत नाही. शंभर गिऱ्हाइकांकडे प्रत्येकी थोडी थोडी बाकी राहिली की एकेक खाते निरुपद्रवी दिसते, आणि दिवाळीला बेरीज मारल्यावर भांडवल कोठे गेले ते कळते.

सैल चेनचे दुष्परिणाम बहुतेकांना ठाऊक असतात. ती आवरणावर आपटून खडखडते, गिअर टाकताना गाडीला हिसका बसतो आणि फार सैल झाली तर चेन दात्यांवरून उतरते. उतरलेली चेन चकती आणि इंजिनाचे आवरण यांच्यामध्ये अडकली तर मागचे चाक एकाएकी जाम होऊ शकते. महामार्गावर मागे मालवाहू ट्रक असताना असे घडले, तर त्याची किंमत गॅरेजच्या बिलात मोजता येत नाही.

म्हणून लोक उलट टोकाला जातात. गॅरेजमधला मुलगा विचारतो, “शेठ, चेन टाईट करून देऊ का?” आणि शेठ सांगतात, “कर बाबा, चांगली कचकचून कर, महिनाभर पाहायला नको.” येथेच खरी चूक होते. चेन जितकी घट्ट तितकी चांगली, ही समजूत चाकूरपासून मुंबईपर्यंत सर्वत्र आढळते आणि ती सैल चेनहून कमी धोक्याची नाही.

त्याचे कारण गाडीच्या रचनेत आहे. मागचे चाक ज्या लोखंडी दुभागी दांड्यात धरलेले असते त्याला मिस्त्री ‘चिमटा’ म्हणतात. हा चिमटा इंजिनामागील एका बोल्टवर टेकलेला असून शॉकअबच्या आधाराने वर-खाली होतो. इंजिनाची लहान चकती मात्र त्या बोल्टच्या थोडी पुढे असते. त्यामुळे चाक वर-खाली झाले की लहान चकती आणि मागची मोठी चकती यांमधील अंतर बदलते. लहान चकतीचा मध्य, चिमट्याचा बोल्ट आणि चाकाचा एक्सल हे तिन्ही एका सरळ रेषेत आले की हे अंतर सर्वांत जास्त होते आणि चेन सर्वांत घट्ट होते. गाडी मधल्या स्टँडवर उभी असते तेव्हा चाक खाली लोंबते आणि चेन सैल दिसते. दोघे बसले, मागे पन्नास किलोचे पोते बांधले आणि गाडी खड्ड्यात आदळली, की चाक वर येते आणि तीच चेन ताणून उभी राहते.

स्टँडवर ठेवलेली ढील या प्रसंगासाठी असते. ती हलगर्जीपणाची खूण नाही, येणाऱ्या भारासाठी केलेली तरतूद आहे. बँका बुडीत कर्जांसाठी नफ्यातून रक्कम बाजूला काढतात. चांगल्या वर्षी ती रक्कम निष्कारण अडकून पडल्यासारखी वाटते आणि वाईट वर्षी तीच बँकेला तारते. चेनची ढील काढून टाकणे म्हणजे ही तरतूद नफा समजून वाटून टाकणे होय. तरतूद नसेल तर भार आला की तो थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर, मागच्या चाकाच्या बेअरिंगवर आणि चेनच्या पिनांवर जातो. चेन बदलणे तासाभराचे काम आहे, गिअरबॉक्सचे बेअरिंग बदलायचे तर इंजिन खोलावे लागते. कचकचून घट्ट केलेली चेन काही दिवस आवाज करीत नाही, म्हणून ती ठीक आहे असे वाटते. पोते लादून गावोगाव फिरणाऱ्या व्यापाऱ्याच्या गाडीत ही चूक सर्वांत महाग पडते, कारण तिच्यावर भार रोजचाच असतो.

मग ढील किती असावी? बहुतेक लहान मोटारसायकलींसाठी ती २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास सांगितलेली असते. नेमका आकडा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत असतो आणि तोच प्रमाण मानावा. चेनच्या खालच्या बाजूच्या मध्यावर बोटाने वर दाबावे, मग खाली ओढावे. या दोन टोकांमधील एकूण हालचाल म्हणजे ढील. बंद आवरणाच्या गाडीत यासाठी पत्र्याला एक छिद्र आणि त्यावर रबरी बूच असते. ते बूच अनेक गाड्यांवर वर्षानुवर्षे कोणी काढलेले नसते. एकाच ठिकाणी मोजून थांबू नये. चाक हाताने थोडे थोडे फिरवून तीन-चार ठिकाणी मोजावे, कारण चेन सर्वत्र सारखी झिजत नाही. जेथे ती सर्वांत घट्ट लागेल तेथे पुस्तिकेतली ढील मिळाली पाहिजे.

ढील कमी-अधिक करायची म्हणजे चेन आखूड किंवा लांब करायची नसते, चाक मागे किंवा पुढे सरकवायचे असते. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर घ्यावी, किल्ली बंद करावी, गिअर न्यूट्रलमध्ये असावा. एक्सलचा मोठा नट सैल करावा. काही गाड्यांत चेनच्या बाजूला आणखी एक मोठा नट असतो, तोही सैल करावा लागतो. चिमट्याच्या दोन्ही टोकांना चेन ओढणारे अ‍ॅडजस्टर असतात. त्यांचे नट अर्धा-अर्धा फेरा असे, दोन्ही बाजूंनी सारखेच फिरवावे. एका फेऱ्यात चाक मिलिमीटरभर सरकते, म्हणून येथे घाईचे काम नाही.

‘दोन्ही बाजूंनी सारखेच’ या तीन शब्दांत कामाचा अर्धा भाग आहे. चेनची ढील बरोबर आली म्हणजे काम झाले, असे समजून अनेक जण फक्त चेनच्या बाजूचा नट फिरवतात. मग चाक चिमट्यात तिरपे बसते. किती तिरपे, याचा हिशेब सोपा आहे. चिमट्याच्या दोन बाजूंमधील अंतर २०० मिलिमीटर धरले आणि एक बाजू दुसरीपेक्षा २ मिलिमीटर पुढे राहिली, तर प्रत्येक १०० मिलिमीटरला १ मिलिमीटर असा कल येतो. मागच्या चाकापासून पुढचे चाक साधारण सव्वा मीटरवर असते. म्हणजे मागचे चाक ज्या दिशेला पाहते ती दिशा पुढच्या चाकापाशी पोहोचेपर्यंत १२ मिलिमीटर बाजूला गेलेली असते. गाडी मग हलकेच एका बाजूला ओढते, चालवणारा नकळत हँडल उलट धरून ठेवतो, टायर तिरपा घासतो, आणि चेन चकतीच्या दात्यांवर सरळ न बसता त्यांच्या कडेला घासत राहते. चकतीच्या दात्यांची एकच बाजू चकचकीत झालेली दिसली, तर चाक तिरपे आहे असा संशय घ्यावा.

जमा आणि नावे या दोन बाजू जुळल्या नाहीत तर मुनीम वही मिटत नाही. चाकाच्या दोन बाजूंनाही हाच नियम लावावा. चिमट्याच्या दोन्ही अंगांना रेघा कोरलेल्या असतात आणि दोन्हीकडे अ‍ॅडजस्टर त्याच रेघेवर असले पाहिजेत. जुन्या किंवा पडझड झालेल्या गाडीत या रेघांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. त्यासाठी जुनी, स्वस्त आणि खात्रीची रीत आहे ती दोरीची. मागच्या टायरला मागून सुतळीचा वेढा द्यावा आणि तिची दोन टोके चाकाच्या दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत न्यावी. मागच्या टायरच्या दोन्ही कडांना सुतळी नुसती टेकेल इतकी ती ताणावी आणि पुढचे चाक सरळ ठेवावे. पुढच्या टायरपासून सुतळीचे अंतर दोन्हीकडे सारखे असेल तर चाक सरळ आहे. ज्या बाजारपेठेत सुतळीवाचून एक पोते शिवले जात नाही, तेथे या मोजमापाला साधन शोधावे लागत नाही. ज्या गाडीची चेन उघडी असते तिच्यात आणखी एक खूण मिळते. मागे बसून मोठ्या चकतीवरून पुढे नजर टाकली, की चेन एका रेषेत जाते की बाजूला वळते ते दिसते.

यानंतर एक्सलचा नट पक्का आवळावा आणि ढील पुन्हा एकदा मोजावी, कारण नट आवळताना चाक किंचित सरकते. पुढची पायरी अनेक जण विसरतात. चाक मागे सरकले म्हणजे मागच्या ब्रेकची दांडीही ओढली जाते आणि ब्रेक आपोआप घट्ट होतो. पायाच्या पेडलला ठरलेली मोकळीक आहे का आणि चाक हाताने मोकळे फिरते का, हे पाहून ब्रेकच्या दांडीचा नट जुळवावा लागतो. तसे केले नाही तर ब्रेक सतत घासत राहतो, पेट्रोल जास्त लागते आणि चाक तापते. मागचा दिवा ब्रेक दाबल्यावरच लागतो ना, तेही त्याच वेळी पाहावे. चेनचा सांधा जेथे उघडतो तेथे माशाच्या आकाराची एक छोटी चाप असते. तिची बंद बाजू चेनच्या धावण्याच्या दिशेला हवी, उलटी बसवली तर एखाद्या अडथळ्याने ती निघून जाऊ शकते.

चाकूर ते लातूर सुमारे ३५ किलोमीटर. आठवड्यातून दोनदा लातूरच्या गंजगोलाईत माल आणायला जाणे आणि मधल्या दिवसांत खेडेगावांची फेरी, एवढे धरले तरी महिन्याला हजार किलोमीटर सहज होतात. चेन साधारण दर ५०० ते १००० किलोमीटरला पाहावी असे सांगितले जाते, म्हणजे व्यापाऱ्याच्या गाडीला पंधरवड्यातून एकदा पाच मिनिटे द्यावी लागतात. चातुर्मासात हा काळ आणखी कमी करावा. मराठवाड्याची काळी माती पावसात डिंकासारखी चिकटते आणि चिखलातले कण चेनच्या सांध्यात शिरून कानसाचे काम करतात. उन्हाळ्यातली धूळ वंगण शोषून घेते. रॉकेलने भिजवलेल्या फडक्याने चेन पुसावी, कोरडी होऊ द्यावी आणि मग गिअर ऑईल किंवा चेनसाठी मिळणारे वंगण थोडेसेच लावावे. थबथबून लावलेले तेल धूळ ओढून घेते. हे काम इंजिन चालू ठेवून, गाडी गिअरमध्ये टाकून कधीही करू नये. चाक हातानेच फिरवावे. फिरत्या चकतीत फडके आणि फडक्याबरोबर बोटे ओढली जायला क्षणही लागत नाही. लहान मुले जवळ असतील तर त्यांना आधी दूर करावे.

या आवरणांचा संबंध घरातील स्त्रियांच्या सुरक्षिततेशीही आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमानुसार मोटारसायकलीवर मागे बसणाऱ्यासाठी धरायला आधार आणि पाय ठेवायला जागा हवी, शिवाय मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून किमान अर्धे चाक झाकणारी रक्षक जाळीही हवी. तिलाच सर्वत्र साडीगार्ड म्हणतात. गाडी तरुण दिसावी म्हणून काही मुले ही जाळी काढून टाकतात, कोणी चेनचे आवरणही उतरवतात. मंदिरात किंवा माहेरी निघालेली आई, काकू, सून त्याच गाडीवर पदर सावरून बसते. चेन सैल असली की तिचा फटका आवरणाला बसून ते हलते, त्याचे स्क्रू ढिले होतात आणि एके दिवशी ते आपणहून निघून येते. साडीगार्ड आणि चेनचे आवरण शाबूत आहे की नाही, हे चेन पाहतानाच पाहून घ्यावे.

किती झाले म्हणजे चेन दुरुस्तीपलीकडे गेली, हेही ओळखता येते. मागच्या मोठ्या चकतीच्या अगदी मागच्या बाजूला चेन धरून मागे ओढावी. दात्याचा अर्धाअधिक भाग उघडा पडला, किंवा दाते कोयत्यासारखे एका बाजूला वाकलेले दिसले, तर चेन बदलण्याची वेळ आली. तेव्हा केवळ चेन बदलून पैसे वाचवू नयेत. झिजलेले दाते नव्या चेनलाही लवकर झिजवतात. चेन आणि दोन्ही चकत्या असा पूर्ण संच एकदम बदलणे हेच शेवटी स्वस्त पडते.

हे सारे घरीच करावे, असा आग्रह नाही. गावातले गॅरेज आहे आणि त्याचे ज्ञान मोठे आहे. पण गाडी देताना काय सांगावे आणि परत घेताना काय पाहावे, एवढे ज्याची गाडी आहे त्याला ठाऊक हवे. “चेन कचकचून कर” हे वाक्य ज्या घरात बोलले जाते, तेथे मिस्त्रीही तेच करणार, कारण गिऱ्हाईक सांगते तसे करणे हा त्याचाही धर्म आहे. “ढील किती ठेवलीस, दोन्ही बाजूंच्या रेघा सारख्या आहेत ना, ब्रेक मोकळा केलास ना?” असे तीन प्रश्न विचारणाऱ्याच्या गाडीवर त्याचा हातही अधिक सावकाश फिरतो.

आणि हे तीन प्रश्न पुढच्या पिढीला शिकवणे फार गरजेचे झाले आहे. वसुलीला, लातूरला, संध्याकाळी उशिरा परतीला आता वडील जात नाहीत, मुलगा जातो. अनेक घरांत वडिलांनी मुलाला उधारीची वही शिकवली, माल पारखायला शिकवला, गिऱ्हाइकाशी बोलायला शिकवले. गाडी मात्र किल्ली हातात देऊनच शिकवली, असे समजले गेले. एखाद्या रविवारी दुकान उघडण्याआधी बाप-लेकाने मिळून सुतळी धरावी, ढील मोजावी, रेघा जुळवाव्यात. त्यात पाऊण तास जातो आणि मुलाच्या हाताला एक जबाबदारी कळते. त्याच वेळी वडिलांनाही एक गोष्ट आठवावी. व्यवसायात आणि घरातही माणसे पक्की बांधून ठेवण्याचा मोह होतो. मुलाने विचारल्याशिवाय एक रुपया खर्चू नये, सुनेने सांगितल्याशिवाय बाहेर पडू नये, जुन्या गिऱ्हाइकाला एक दिवसाचीही सवलत मिळू नये, असे वाटते. भार नसतो तोवर असा ताण शिस्तीसारखा दिसतो. दुष्काळाचे वर्ष येते, घरात आजारपण येते, बाजार पडतो, तेव्हा सगळ्यांत आधी तेच नाते तुटते ज्यात ढील ठेवलेलीच नव्हती. आणि ज्याने हिशेबच ठेवला नाही, सगळेच सैल सोडले, त्याची चेन उतरते ती भर रस्त्यावर. दोन्हींमधले माप प्रत्येक घराने आपल्या भाराप्रमाणे काढायचे असते आणि ते एकदा काढून भागत नाही. पंधरवड्याने पुन्हा मोजावे लागते, कारण गाडी चालतच असते.